कारखाना काढायचाय? मग शाखा कोणती घ्याल?

बारावीचा निकाल लागला, सीईटीचे गुणही हातात आले, की घराघरांत एक नवाच खेळ सुरू होतो. खेळाचं नाव ‘ऑप्शन फॉर्म’! कॉलेजांची आणि शाखांची नावं पसंतीच्या क्रमाने भरायची. आई एक सांगते, बाबा दुसरं, आणि पुण्याचे काका फोनवरून तिसरंच. ज्याला शिकायचंय तो मात्र कोपऱ्यात बसून पेनाचं टोपण चावत असतो.

दोन वर्षांपूर्वी आमच्या शेजारी हा खेळ अगदी रंगात आला होता. शेजारच्या वहिनींची पिठाची गिरणी आहे. गिरणीतच मिरची आणि मसाल्याचं कांडप यंत्र आहे. त्यांची लेक एका संध्याकाळी हातात वही घेऊन माझ्याकडे आली.

“काका, मला नोकरी नाही करायची. मला कारखाना काढायचाय. तर ब्रँच कोणती घेऊ?”

“कसला कारखाना?” मी विचारलं.

“कांडप यंत्रांचा!”

मला हसू आलं. ते तिला दिसलं असावं. ती जरा चिडूनच म्हणाली, “हसू नका काका. मार्च-एप्रिलमध्ये आईला दिवसभर ठसका लागतो. रात्री झोपेतसुद्धा खोकते. शिवाय यंत्र इतकं तापतं की मसाल्याचा निम्मा वास गिरणीतच उडून जातो. मग बायका म्हणतात, तुमच्या मसाल्याला वासच नाही. मला असं यंत्र बनवायचंय, की धूळ बाहेर येणार नाही आणि मसाला तापणार नाही.”

माझं हसू कुठल्या कुठे पळालं. बाबांचं म्हणणं होतं, कॉम्प्युटर घे, धंदा बुडाला तर नोकरी तरी लागेल. मामा म्हणत होते, मेकॅनिकल मुलींचं काम नाही. आणि फॉर्म भरायला उरले होते तीन दिवस.

“मला दोन दिवस दे,” मी म्हटलं. त्या दोन दिवसांत जे वाचलं, आठवलं आणि तिला सांगितलं, तेच आज तुम्हाला सांगतोय. तुमच्यापैकीही कुणाच्या तरी डोक्यात एखादा कारखाना असेलच की!

मालक बनवणारी शाखा

पहिली गोष्ट स्पष्ट सांगून टाकतो. मालक बनवणारी शाखा कुठल्याच कॉलेजात नाही. तशी असती तर तिथे केवढी रांग लागली असती!

लक्ष्मणराव किर्लोस्करांचं नाव तुम्ही नक्की ऐकलंय. त्यांचा जन्म १८६९ सालचा. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत ते गेले ते चित्रकला शिकायला. पण झालं काय, रंगांमधला फरक त्यांना नीट ओळखू येईना. रंग ओळखू येत नाहीत, तो चित्रकार कसा होणार? दुसरा एखादा रडत घरी गेला असता. लक्ष्मणरावांनी रंग सोडले आणि यंत्रांची रेखाचित्रं काढायला शिकले. त्याच विद्येवर पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, शिक्षक झाले. मग बेळगावात भावाबरोबर सायकलींचं दुकान काढलं. त्यानंतर कडबा कापायचं यंत्र, आणि १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर!

नांगर उत्तम होता. पण घेईना कुणी. लोखंडाने जमिनीला विष चढतं, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले मोजके नांगर खपायला जवळजवळ दोन वर्षं गेली. तरी ते चिकटून राहिले. पुढे औंधच्या राजेसाहेबांनी जागा दिली आणि १९१० साली माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहू लागली.

आता यातून काय घ्यायचं? लक्ष्मणरावांकडे अभियांत्रिकीची पदवी नव्हती, हे खरं. पण यंत्र आधी कागदावर आणि मग लोखंडात उतरवण्याची विद्या त्यांनी हाडात मुरवली होती. कागदावरचं चित्र वाचता येत नसेल तर नांगराचा फाळ कुठे चुकला, हे कसं कळणार? दुसरं म्हणजे, शेतकऱ्याच्या मनातली भीती काढणं हा विषय त्यांना कुणीच शिकवला नव्हता. तो त्यांना बांधावर जाऊन शिकावा लागला.

आणि गंमत पाहा. पदवीशिवाय कारखाना उभा करणाऱ्या या माणसाचा मुलगा, शंतनुराव, यंत्रशास्त्र शिकायला थेट अमेरिकेत एमआयटीला गेला आणि १९२६ साली पदवी घेऊनच परतला. तेव्हा ‘मोठी माणसं कुठे शिकली होती?’ असं म्हणून कुणी पुस्तकं फेकायला निघालं, तर त्याला ही दुसरी अर्धी गोष्ट जरूर सांगा.

पन्नासातल्या तीन कड्या

शिक्षण नेमकं कधी कामाला येतं? याची एक गोष्ट जपानमधली आहे.

सोइचिरो होंडा हा लोहाराचा मुलगा. जन्म १९०६ चा. शाळा लवकर सुटली, पण मोटारी दुरुस्त करण्यात हात असा बसला की विचारू नका. दुरुस्तीचं दुकान छान चालत असताना त्याने ठरवलं, आता आपण पिस्टन रिंगा बनवायच्या. पिस्टन रिंग म्हणजे इंजिनातल्या पिस्टनवर बसणारी लोखंडी कडी. ती एका जागी चिरलेली असते, त्यामुळे स्प्रिंगसारखी बाहेर दाबते आणि सिलिंडरच्या भिंतीला घट्ट टेकते. ती नीट टेकली नाही, तर जळलेला वायू बाजूने निसटतो आणि इंजिनाची ताकदच जाते.

दिसायला किती साधी! होंडाने हजारो कड्या ओतल्या. त्यांतल्या निवडून पन्नास टोयोटा कंपनीला तपासायला दिल्या. पास झाल्या किती? फक्त तीन!

चूक कुठे आहे, हे त्याला कळेना. हात कुशल होते, कष्टाला कमी नव्हती, पैसा मात्र संपत चालला होता. शेवटी हामामात्सु गावच्या तंत्रशाळेत त्याने कडी दाखवली. तपासणी झाली. उत्तर मिळालं, की तुझ्या लोखंडात सिलिकॉन कमी आहे. ओतीव लोखंडात सिलिकॉनचं प्रमाण चुकलं, की आतल्या कार्बनची ठेवणच बदलते. कडी ठिसूळ होते आणि तिचा लवचीकपणा जातो. हे डोळ्यांना दिसत नाही आणि हातोडीला कळत नाही. त्यासाठी धातुशास्त्रच लागतं.

मग तिशी ओलांडलेला हा कारखानदार पोराटोरांबरोबर वर्गात जाऊन बसला! दिवसा वर्ग, नंतर कारखाना. जे हवं होतं ते शिकला, पण परीक्षा काही दिली नाही, त्यामुळे पदविका मिळाली नाही. (हा परीक्षेचा भाग आईला वाचून दाखवू नका!) पुढे त्याच्या कड्या टोयोटाने घेतल्या. १९४८ साली होंडा मोटर कंपनी स्थापन झाली, तिची गोष्ट तर जगाला ठाऊक आहे.

शाखा निवडताना ही गोष्ट डोक्यात ठेवा. काम बिघडतं तेव्हा ‘का बिघडलं?’ याचं उत्तर शोधायची ताकद म्हणजे शिक्षण. बरोबर चाललेलं यंत्र कुणीही चालवतो. तुमचा कारखाना अडेल तो पन्नासातल्या सत्तेचाळीस कड्यांपाशी.

एकट्याने सगळं? कशाला?

“पण काका, एका यंत्रात इतक्या शाखा असतात!” आमची शेजारीण म्हणाली. बरोबर आहे तिचं. आम्ही दोघांनी वहीचं एक पान घेतलं आणि तिच्या कांडप यंत्राचे तुकडे पाडले. तुम्हीही पाहा.

यंत्राचा सांगाडा, फिरणारे भाग, त्यांचा वेग, कंप, घर्षण आणि घर्षणाने होणारी उष्णता, हे सगळं यांत्रिकी, म्हणजे मेकॅनिकल.

मोटर किती अश्वशक्तीची, वीज किती खाणार, भार वाढला की जळू नये म्हणून काय करायचं, ही विद्युत शाखा.

तापमान मोजायचं आणि ते वाढलं की आपोआप वेग कमी करायचा, हे इलेक्ट्रॉनिक्स आणि इन्स्ट्रुमेंटेशन. त्या छोट्या मेंदूला काय करायचं ते शिकवणं, हे कॉम्प्युटर.

कुठलं पोलाद वापरलं तर ते झिजणार नाही आणि झिजलेला कण मसाल्यात जाणार नाही, हे धातुशास्त्र.

मसाल्याचा वास म्हणजे तरी काय? त्यातली झटकन उडून जाणारी तेलं. ती राखायची असतील तर रसायन अभियांत्रिकी किंवा अन्नतंत्रज्ञान हवं. काही मोठ्या मसाला कारखान्यांत तर दळताना द्रवरूप नायट्रोजन सोडतात. तो शून्याखाली १९६ अंश सेल्सिअसइतका थंड असतो! तो काही गल्लीतल्या गिरणीला परवडायचा नाही, पण वास का टिकतो ते त्यावरून समजतं.

राहिली धूळ. शंकूच्या आकाराच्या भांड्यात धुळीची हवा गरगर फिरवली, की जड कण कडेला फेकले जातात आणि घसरून खाली पडतात. बरीचशी स्वच्छ झालेली हवा वरून निघून जाते. याला ‘सायक्लोन’ म्हणतात. लाकडाच्या वखारीपासून सिमेंटच्या कारखान्यापर्यंत तो कामाला येतो.

झालं! एका कांडप यंत्रात सहा-सात शाखा निघाल्या. मग काय सात पदव्या घ्यायच्या? मुळीच नाही. बाकीच्या शाखांची माणसं जोडायची.

१९३८ साली मुंबईत दोन डॅनिश मित्रांनी भागीदारी केली. हेनिंग होल्क-लार्सन हे रसायन अभियंता आणि सोरेन टुब्रो हे स्थापत्य अभियंता. परदेशातून दुग्धव्यवसायाची यंत्रं आणून विकायची, असा सुरुवातीचा साधा व्यवसाय. दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि बाहेरून माल येणं थांबलं. तेव्हा त्यांनी छोट्या कार्यशाळेत यंत्रं इथेच बनवायला घेतली. पुढे जहाजांची दुरुस्तीही केली. ओळखलंत ना? लार्सन अँड टुब्रो! एकाची शाखा दुसऱ्याच्या शाखेहून वेगळी होती, म्हणूनच जोडी जमली.

होंडालाही १९४९ मध्ये ताकेओ फुजिसावा भेटला. होंडाने यंत्र बघायचं आणि फुजिसावाने पैसा आणि विक्री, अशी सरळ वाटणी होती.

म्हणून मी आमच्या शेजारणीला एकच प्रश्न विचारला, आणि तोच तुम्हालाही विचारतो. तुम्हाला जी वस्तू बनवायची आहे तिचे असेच तुकडे पाडा. आता सांगा, यातला कोणता तुकडा दुसऱ्याच्या हाती देऊन तुम्हाला रात्री झोप लागणार नाही? ती तुमची शाखा.

ती बराच वेळ वहीकडे बघत बसली. मग म्हणाली, “मोटर बाजारात मिळते. सर्किट कुणाकडून तरी करून घेता येईल. पण ते तापतं का, आणि धूळ कुठून निसटते, हे मला स्वतःलाच कळायला हवं. त्यात कुणी मला फसवलेलं चालणार नाही.”

कॉम्प्युटरच का घेऊ नये?

बाबांच्या म्हणण्यातही तथ्य होतं, ते उगाच खोडून काढायचं नाही. संगणकाच्या धंद्याला शेड लागत नाही, लेथ लागत नाही, लोखंडाची रोकड लागत नाही. थोड्या भांडवलात सुरुवात होते. पण जे तुम्हाला सोपं, ते दुसऱ्यालाही सोपंच! त्यामुळे तिथे गर्दीही फार. तिथेही टिकतो तो खोल गेलेला माणूस. पुण्यात १९९० साली ‘पर्सिस्टंट’ कंपनी काढणारे आनंद देशपांडे संगणकशास्त्रात पीएच. डी. करून आले होते. माहितीचे मोठमोठे साठे कसे सांभाळायचे, या एका विषयात त्यांचा हात बसला होता आणि सुरुवातीचं कामही त्यातलंच होतं.

तेव्हा संगणकाची मनापासून आवड असेल तर डोळे मिटून घ्या. फक्त ‘सगळे घेतात’ म्हणून घेत असाल तर डोळे उघडा. आणि लोखंडात जीव असेल तर मेकॅनिकल घेऊनही प्रोग्रॅमिंग शिका. आता बऱ्याच कॉलेजांत मुख्य शाखेबरोबर दुसऱ्या शाखेचे काही विषय घेऊन ‘मायनर’ करता येतं. प्रवेश घेण्यापूर्वी ते विचारून ठेवा.

आता मामांच्या ‘मुलींचं काम नाही’ या वाक्याबद्दल. पुण्याच्या ‘थरमॅक्स’ कंपनीत मोठमोठे बॉयलर बनतात. १९९६ साली या कंपनीची सूत्रं अनु आगा यांनी हाती घेतली. त्यांचं शिक्षण अर्थशास्त्राचं आणि समाजकार्याचं. २००४ मध्ये त्यांच्या मागून आल्या त्यांच्या कन्या मेहेर पदमजी, रसायन अभियंता! दुसरीकडे किरण मजुमदार-शॉ ऑस्ट्रेलियातून आंबवण्याचं शास्त्र, म्हणजे मद्य तयार करण्याची विद्या शिकून आल्या. बाई म्हणून इथे त्या कामावर त्यांना कुणी घेईना. मग १९७८ मध्ये बंगळूरला भाड्याच्या घराच्या गॅरेजमध्ये त्यांनी ‘बायोकॉन’ सुरू केली. पहिल्या मालात पपईपासून काढलेलं पपेन होतं. आंबवण्याची तीच विद्या पुढे औषधं बनवायला उपयोगी पडली. शिकलेलं असं वाट बदलून कामाला येतं. मामांना हे सगळं सांगितल्यावर ते चहा प्यायला उठून गेले!

दादाची मिलिंग मशीन

आता एक घरचीच गोष्ट सांगतो. सांगताना अजूनही जिवाला लागते.

माझा एक मामेभाऊ आहे. आम्ही सगळे त्याला दादा म्हणतो. मेकॅनिकलचा अभियंता, आणि हात असा की बिघडलेल्या यंत्राचा नुसता आवाज ऐकून रोग सांगायचा. नोकरी सोडून त्याने एमआयडीसीत शेड भाड्याने घेतली. एका मोठ्या गिऱ्हाइकाचं काम मिळालं. माल एक नंबर! एकही नग परत आला नाही. दादा खुशीत होता. त्याने दुसरं गिऱ्हाईक शोधलंच नाही.

मग गिऱ्हाइकाचे पैसे यायला उशीर होऊ लागला. एक महिना, तीन महिने, सहा महिने. “साहेब बाहेरगावी आहेत,” “बिल वर गेलंय,” अशी उत्तरं. इकडे विजेचं बिल, कामगारांचे पगार, बँकेचा हप्ता, यांतलं काहीच थांबत नाही. दादाने आधी वहिनींच्या बांगड्या गहाण ठेवल्या. शेवटी मिलिंग मशीन विकली. ज्या दिवशी ती टेम्पोत चढवली, त्या दिवशी दादा शेडच्या दारात पायरीवर बसून होता. जेवायलासुद्धा आला नाही.

त्याच्या विद्येत काय कमी होतं? काहीच नाही. पण हिशेबाची वही तो कधी उघडायचाच नाही. लहान उद्योगाच्या मालाचे पैसे ४५ दिवसांच्या आत चुकते करावे लागतात, उशीर झाला तर वर व्याजही द्यावं लागतं, असा २००६ चा कायदा आहे. त्याने ना नोंदणी केली होती, ना त्याला हा कायदा माहीत होता.

दादा सावरला. दोन वर्षं पुन्हा नोकरी केली. पदवी होती म्हणून नोकरी मिळाली, हेही लक्षात ठेवा. मग परत छोटी शेड घेतली. या वेळी हिशेब वहिनी बघतात. गिऱ्हाइकं पाच आहेत, आणि एकाकडेच सगळं काम द्यायचं नाही, हा वहिनींचा हुकूम आहे.

म्हणून शाखा कुठलीही घ्या, पण जमाखर्च वाचायला शिका. तुमच्या कॉमर्सच्या मित्राशी दोस्ती ठेवा. तोच उद्या तुमचा फुजिसावा निघेल!

कॉलेज बघताना काय बघाल?

शाखा ठरली, आता कॉलेज. फाटकावरची कमान आणि कॅन्टीनमधला वडापाव बघून कॉलेज ठरवू नका! (वडापावही बघा, पण शेवटी.)

कार्यशाळा बघा. यंत्रांवर धूळ आहे की तेल आहे? तेल असेल तर मुलं काम करतात असं समजा. संध्याकाळी पाचनंतर कार्यशाळा उघडी असते का, हे तिसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारा. ती खरं सांगतात. कॉलेजचा संघ ‘बाहा’सारख्या स्पर्धेत उतरतो का, तेही विचारा. त्यात मुलं स्वतः खडबडीत रस्त्यांवर चालणारी गाडी बनवतात. तिचा आराखडा, खर्च, जोडणी, सगळं त्यांनीच करायचं असतं. अशा गाडीचा एक तुटलेला आस जे शिकवतो, ते वर्गात तास-तास बसून कळत नाही.

आणि फी बघा. मनातल्या मनात नको, कागदावर मांडा. भारी फीसाठी मोठं कर्ज काढलंत, तर पदवी मिळाल्यावर थोड्याच काळात हप्ते सुरू होतात. मग धंदा काढायची हिंमत होत नाही, मिळेल ती नोकरी धरावी लागते. कारखाना काढायचा असेल तर कमी फीचं चांगलं सरकारी कॉलेज म्हणजे तुमचं पहिलं भांडवलच!

तुमच्यापैकी जे आता दहावीत आहेत, त्यांना आणखी एक रस्ता आहे. पॉलिटेक्निकचा तीन वर्षांचा डिप्लोमा. तो करून पुढे थेट पदवीच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. हात लवकर कामाला लागतात. सांगली जिल्ह्यातल्या पेड गावचे अशोक खाडे माझगाव डॉकमध्ये नोकरी करता करता यांत्रिकीचा डिप्लोमा शिकले. पुढे त्यांनी भावांबरोबर ‘दास ऑफशोअर’ कंपनी काढली. ती समुद्रातल्या तेलविहिरींसाठी लागणारी कामं करते. तेव्हा डिप्लोमाला नाक मुरडणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका.

आणि हो, तुम्ही राहता ते गावही बघा. इचलकरंजीत मागांचा खडखडाट ऐकत वाढलात, कोल्हापुरात फौंड्रीतला लाल रस पाहिलात, जळगावात केळी आणि ठिबकच्या नळ्या पाहिल्यात, रत्नागिरीत आंबा सडताना पाहिलात, तर तुम्हाला जे माहीत आहे ते शहरातल्या हुशार मुलालाही माहीत नाही. किर्लोस्करांना नांगर सुचला, कारण आजूबाजूला शेतं होती.

या सुट्टीत करून बघा

जवळच्या एमआयडीसीत किंवा गावातल्या एखाद्या वर्कशॉपमध्ये ओळखीने चार दिवस जाऊन बसा. यंत्रांना हात लावू नका, नुसतं बघा आणि विचारा. घरातली एखादी बिघडलेली वस्तू मोठ्यांना विचारून आणि वीज काढून मगच उघडा. पंखा, मिक्सर, सायकल, काहीही. उघडताना ज्या भागाशी तुम्ही जेवणाची हाक विसरलात, तो भाग वहीत लिहून ठेवा. शाळेत अटल टिंकरिंग लॅब असेल तर तिथे रोज जा.

आणि एक वस्तू विका! दिवाळीत आकाशकंदील करा, राख्या करा, काहीही करा. पण कच्चा माल कितीला आणला, किती दिवस गेले, किती विकले, किती उरले आणि कुणाचे पैसे अजून यायचे आहेत, हे मांडा. ‘यायचे आहेत’ हा रकाना फार शिकवतो. आमच्या दादाला विचारा!

आमच्या शेजारणीचं काय झालं, ते राहिलंच. पहिल्या पसंतीला तिने सरकारी कॉलेजातलं मेकॅनिकल लिहिलं. बाबांनी सही करताना फक्त एवढंच म्हटलं, “प्रोग्रॅमिंग मात्र शीक हं.” ती शिकतेय.

परवा सुट्टीत घरी आली होती. मला हाताला धरून गिरणीत घेऊन गेली. कांडप यंत्रावर पत्र्याची एक टोपी बसवली होती. टोपीतून एक नळी निघून बाहेरच्या पत्र्याच्या शंकूत गेली होती. शंकूच्या खाली डबा. डब्यात लालभडक मिरचीची बारीक पूड साठलेली.

“ही सगळी पूर्वी आईच्या नाकात जायची,” ती म्हणाली.

“आणि वासाचं काय?” मी विचारलं.

“तो अजून उडतोच,” ती हसली. “ते तिसऱ्या वर्षात आहे. हीट ट्रान्सफर.”

वहिनी दळण मोजून देत होत्या. अर्धा तास मी तिथे होतो. त्या दोनदाच खोकल्या.

तर दोस्तांनो, फॉर्म भरताना दुसऱ्याच्या तोंडाकडे बघू नका. तुमच्या घरात, गल्लीत, शेतात कोण खोकतंय ते बघा. शाखेचं नाव तिथेच सापडेल.